भाड्याच्या जागेत घातलेले २४ लाख: होटगी रोडवरचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या हिशोब-टॅक्सच्या ऑफिसातलं आहे, पक्षकाराची परवानगी घेऊन लिहितेय, आकडे गोल केलेत. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांची कमी नाही, त्यातलीच एक भागीदारी फर्म, दोघे भाऊ. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीपण अण्णाच म्हणते. चाटी गल्लीत त्यांचं जुनं दुकान आहे, पण ते अण्णांच्या स्वतःच्या नावावर आहे, फर्मच्या नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा, शेवटी कामाला येतंय.

२०२३ मध्ये त्यांनी होटगी रोडला पहिल्या मजल्यावर २,४०० स्क्वेअर फूट जागा घेतली. रजिस्टर करार, १ जुलै २०२३ ते ३० जून २०२८, पाच वर्षं. पहिले दोन महिने भाडं माफ, कारण फर्निचरचं काम चालणार, मग महिना ६०,०००, आणि तीन वर्षांनंतर दहा टक्के वाढ म्हणजे ६६,०००. लॉक-इन दोन वर्षांचं, म्हणजे तोवर जागा सोडता येत नाही, त्यानंतर सहा महिन्यांची नोटीस.

जागा म्हणजे नुसता हॉल होता. आत केबिन, ट्रायल रूम, शिवणकामाचा सेक्शन, वर माल ठेवायला लोखंडी पोटमाळा, सगळं यांनी स्वतःच्या पैशानं केलं. जुलैला सुरू झालेलं काम बरोबर अनंत चतुर्दशीला, २८ सप्टेंबरला संपलं. आणि मग काय, दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. पितरांत उद्घाटन कोण करणार? दुकान झाडून पुसून, कुलूप लावून बसले, आणि १५ ऑक्टोबरला घटस्थापनेला नारळ फोडला. मला पेढे आले, मीपण खाल्ले. त्या पेढ्यांचा हिशोब पुढे येतो.

जून २०२४ मध्ये वर्षाची फायनल करायला डेटा आला. टॅली बघणाऱ्या मुलानं सगळं एकाच लेजरला टाकलेलं, ‘रिपेअर अँड मेंटेनन्स’, २४,६०,०००. नफा गायब, उलट तोटा दिसतोय. इकडे अण्णा खूश की टॅक्स शून्य, आणि तिकडे त्यांचा पुतण्या हैराण, कारण बँकेत सीसी लिमिट (धंदा चालवायला मिळणारी कॅश क्रेडिटची उधारी) रिन्यूला पडलेली आणि तोट्याचा ताळेबंद घेऊन बँकेत जायचं कसं. दोघंही माझ्यासमोर बसलेले. अण्णा म्हणाले, ‘‘जागा आपली नाही, भिंत आपली नाही, मग खर्च नाही तर काय ओ मॅडम? उद्या मालक म्हणला निघा, तर फरशी काय खांद्यावर घेऊन जाऊ?’’

प्रश्न बरोबर आहे. आणि नव्वद टक्के लोक इथंच चुकतात, कारण ते मालकी कुणाची एवढंच बघतात. हिशोबात बघायचं ते वेगळं: पैसे आज गेले, पण फायदा किती वर्षं मिळणार? फरशी मालकाची झाली तरी त्या फरशीवर उभं राहून पाच वर्षं माल विकणार तुम्हीच ना. म्हणून तो खर्च एका वर्षावर लादायचा नाही, मालमत्ता म्हणून दाखवायचा आणि वापराच्या काळावर वाटायचा. आमच्या भाषेत लीजहोल्ड इम्प्रूव्हमेंट.

मी बिलांची फाईल बाजूला ठेवली आणि म्हटलं आधी करार द्या. करार गाडीत होता, पुतण्या खाली जाऊन घेऊन आला. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या निघाल्या. एक, मुदत संपल्यावर ‘उभयतांच्या संमतीने’ पुढे पाच वर्षं वाढवता येईल. दोन, भिंतीला, जमिनीला पक्क्या केलेल्या गोष्टी मालकाच्या, सुट्या गोष्टी भाडेकरूच्या, पण पोटमाळा मात्र भाडेकरूनं स्वतःच्या खर्चानं काढून, भिंतीतली भोकं बुजवून द्यायची. तीन, आतली किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे, स्लॅबची गळती मालकाकडे. ह्या तीन ओळींनी अख्ख्या २४ लाखांचं वाटप ठरवलं, बिलं नंतर आली.

आता बिलं. पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग ४,८०,०००. फरशी ३,६०,०००, त्यात टाईल्स २,४०,००० आणि मिस्त्रीची मजुरी १,२०,०००. वायरिंग, पॅनल, थ्री फेज लोड मिळून ३,२०,०००, पण त्यात महावितरणची डिपॉझिट ४०,००० लपलेली, ती परत मिळणारी, म्हणजे ना खर्च ना इम्प्रूव्हमेंट, सरळ अनामत. पोटमाळा ५,४०,०००. आर्किटेक्ट ९०,०००. चार स्प्लिट एसी २,००,०००. रॅक, काउंटर ३,००,०००. बोर्ड ६०,०००. आणि रंग व वॉटरप्रूफिंग १,१०,०००. बेरीज करून बघा, बरोबर येते.

एसी, रॅक आणि बोर्ड उचलून नेता येतात, ते फर्मचे, त्यांचं आयुष्य कराराशी बांधलेलं नाही, ते आपापल्या हेडला. खरी गंमत बाकीच्यात.

१,१०,००० मध्ये ४०,००० चा रंग जुन्या भिंतींचा होता, तो खर्चातच ठेवला. भाडेकरूनं दुरुस्ती अंगावर घेतली असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३० मध्ये ती वजावट मिळते, फक्त भांडवली खर्च दुरुस्तीच्या नावाखाली घुसवता येत नाही, तसं स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. पण उरलेले ७०,००० स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगचे. अहो, करारात ते मालकाचं काम! विचारलं तर अण्णा म्हणाले, ‘‘हो की, मालकानं दिलेत ना परत, डिसेंबर आणि जानेवारीच्या भाड्यातून पस्तीस-पस्तीस हजार कापून घ्या म्हणले.’’ म्हणजे मुलानं ७०,००० खर्चात टाकले आणि वर त्या दोन महिन्यांचं भाडं २५,००० च लिहिलं. आणि टीडीएस, म्हणजे भाडं देताना कापून सरकारला भरायचा टॅक्स? तोही २५,००० वर, २,५००. भाडं ६०,००० च होतं, तुम्ही मालकाचे पैसे भरलेले त्यातून वळते करून घेतले एवढंच, म्हणजे टीडीएस ६,००० हवा होता. दोन महिन्यांचे ७,००० कमी, वर महिन्याला एक टक्का व्याज. रक्कम छोटी, पण असल्या वळतीच्या नोंदीतच नोटिसा येतात. मी ७०,००० मालकाच्या नावे येणे दाखवले आणि भाड्यातून मिटवले.

आता मुदत. अण्णांचं म्हणणं, ‘‘मालक आपलाच माणूस, दहा वर्षं हलत नाही आपण.’’ असेल, पण कागदावर ‘उभयतांच्या संमतीने’ आहे, म्हणजे मालक नाही म्हणला तर विषय संपला. मुदतवाढीचा हक्क एकट्या भाडेकरूच्या हातात असता, तर वेगळा विचार केला असता. ज्या कंपन्यांना इंड एएस ११६ हे भाडेकरारांचं लेखामानक लागतं, १ एप्रिल २०१९ पासून, तिथं तर एवढा खर्च जागेत घातला हेच मुदत वाढवून घेणार याचं एक लक्षण धरतात. इथं आपली साधी भागीदारी, मालमत्तेचं लेखामानक म्हणजे एएस १० बघायचं, आणि त्यात उपयुक्त आयुष्य ठरवताना संबंधित कराराची मुदत कधी संपते ते बघा असं चक्क लिहिलंय. फरशी वीस वर्षं टिकेल, टिकू दे, तुम्ही २०२८ पर्यंतच आहात.

आणि सुरुवात कधीपासून? करार जुलैपासून, काम संपलं २८ सप्टेंबरला, उद्घाटन १५ ऑक्टोबरला. हिशोबात मालमत्ता वापरायला तयार झाली की घसारा, म्हणजे तिची किंमत थोडी थोडी खर्चात टाकणं, सुरू होतो, नारळ फोडायची वाट बघत नाही. दोन दिवस सोडून दिले आणि १ ऑक्टोबर २०२३ धरली. तिथून ३० जून २०२८ पर्यंत ५७ महिने.

आता जीएसटी, आणि इथं अण्णा खरोखर चिडले. मुलानं सगळ्या बिलांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी, वळता करायला घेऊन टाकलेलं. युनिफॉर्मवर कर लागतो, क्रेडिट मिळतं, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मधली मेख अशी, की स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरचं क्रेडिट बंद, आणि बांधकामात नूतनीकरण, फेरबदल, दुरुस्तीपण येतात, पण कुठवर, तर जेवढं भांडवली खात्यात टाकलं तेवढंच. म्हणजे खर्चात टाकलं तर क्रेडिट मिळतं, मालमत्तेत टाकलं तर जातं! मुलानं नकळत का होईना, स्वतःच्या सोयीची नोंद केली होती. मी ती दुरुस्त केली की क्रेडिट परत भरायचं आलं.

इम्प्रूव्हमेंटचा मूळ आकडा १७,५०,००० झाला होता, म्हणजे पार्टिशन, फरशी, वायरिंगचे २,८०,०००, पोटमाळा आणि आर्किटेक्ट. त्यात मिस्त्रीकडे जीएसटी नव्हता, ते १,२०,००० वजा करून १६,३०,००० वर १८ टक्के, २,९३,४००. ‘‘म्हणजे तुम्ही एन्ट्री सरळ केली आणि मला तीन लाखाचा फटका?’’ अण्णा. मी म्हटलं, फटका एन्ट्रीनं नाही बसला, तो पहिल्या दिवसापासून होता, फक्त दिसत नव्हता. आणि कॅपिटल नको म्हणून मुद्दाम खर्चात ठेवायचं असेल तर मग बँकेत तोटा घेऊन जा, तिथं वेगळा ताळेबंद नेता येणार नाही. पुतण्यानं मान डोलावली. नशीब एवढंच की क्रेडिट लेजरमधली शिल्लक कधीच त्या आकड्याच्या खाली गेली नव्हती, म्हणजे ते क्रेडिट वापरलं गेलंच नव्हतं, त्यामुळे व्याज वाचलं. एसी, रॅक आणि बोर्डचं क्रेडिट मात्र राहिलं, ते काही स्थावर नाही.

पोटमाळ्याबद्दल जरा थांबते, कारण त्यावर आमच्या ऑफिसातच दोन तट होते. सगळा नट-बोल्टवर उभा, कॉलमला प्लेट ठोकलेल्या, खालून बघितलं तर गर्डरवर फॅब्रिकेटरनं खडूनं लिहिलेले नंबर अजून दिसतात, एक, दोन, तीन, म्हणजे खोलताना कुठला कुठं ते कळावं म्हणून. माझा असिस्टंट म्हणाला, हे तर सुटं आहे, क्रेडिट ठेवू. मुद्दा लढण्यासारखा आहे, नाही म्हणत नाही. पण आयकरात तोच पोटमाळा इमारतीतली सुधारणा म्हणून दाखवायचा आणि जीएसटीत जंगम म्हणायचा, हे दोन्ही कागद एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर आले की आपल्याला बोलता यायचं नाही. म्हणून ९७,२०० सोडून दिले. दुसऱ्या कुणी लढवलं असतं, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

त्याच पोटमाळ्याचं दुसरं प्रकरण म्हणजे मालकाची लेखी संमती. फोनवर ‘करा की’ म्हणलेले, कागद नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये, कलम १६, मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर ते जागा खाली करायला कारण होतं. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी हे त्यातून वगळलेत, पोटमाळ्याचं नाव त्यात नाही. मी त्याच आठवड्यात मालकाकडून एक पत्र घ्यायला लावलं. हे अकाउंटिंग नाही, मान्य, पण ज्या मालमत्तेचं आयुष्य करारावर उभं आहे तो करारच डळमळीत असेल तर ५७ महिने कशाच्या जोरावर धरायचे?

आणि तिसरं, काढायचा खर्च. करारात लिहिलंय म्हणजे आज बंधन आहे, पैसे २०२८ ला जाणार. त्याच फॅब्रिकेटरला विचारलं, म्हणला तेव्हा लाख-सव्वा लाख धरा. १,२०,००० धरले. एएस २९ मध्ये तरतुदी (पुढे द्यायच्या पैशांची आजच केलेली नोंद) एरवी आजच्या किमतीला आणत नाहीत, पण जागा पूर्ववत करून द्यायची अशी जी तरतूद मालमत्तेच्या किमतीत मिळवतात, तिला अपवाद आहे, ती आजच्या किमतीला आणायची. फर्मच्या कर्जाचा दर दहा टक्क्यांच्या आसपास, पावणेपाच वर्षं, आकडा आला ७६,३००. तो मालमत्तेत मिळवला, तेवढंच देणं समोर. दरवर्षी ते देणं व्याजानं थोडं थोडं फुगणार, पहिल्या सहा महिन्यांत ३,७००.

तर एकूण झाले १७,५०,००० अधिक २,९३,४०० अधिक ७६,३००, म्हणजे २१,१९,७००. भागिले ५७, महिना ३७,१८८. मार्च २०२४ पर्यंत सहा महिने, २,२३,१००. त्यात रॅक, एसी, बोर्डचा सहा महिन्यांचा घसारा ३१,०००, रंगाचे ४०,००० आणि ते ३,७०० मिळवले तर नफा-तोट्याला गेले २,९७,८००. मुलाच्या एन्ट्रीत २४,६०,००० गेले होते. पुतण्याचा चेहरा उजळला, अण्णांचा पडला.

भाड्यातपण एक दुरुस्ती. दोन महिने माफ, पुढे वाढ, हे सगळं एकत्र करून ६० महिन्यांवर सारखं वाटायचं, एएस १९. ३४ महिने ६०,००० आणि २४ महिने ६६,०००, एकूण ३६,२४,०००, महिना ६०,४००. म्हणजे माफीच्या महिन्यांतही पुस्तकात भाडं आहे. पहिल्या वर्षी दिलं ४,२०,०००, खर्च ५,४३,६००.

‘‘बरं, पुस्तकात काय करायचं ते करा, टॅक्समध्ये तर सगळं घेता येईल ना?’’ अण्णांनी शेवटचा डाव टाकला. त्यांना कुणीतरी सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा मद्रास ऑटो सर्व्हिसचा निकाल सांगितला होता, भाडेकरूनं पदरचे पैसे घालून इमारत बांधली, ती मालकाची झाली, आणि कोर्टानं तो महसुली खर्च, म्हणजे सगळा त्याच वर्षी वजा होणारा, मानला. निकाल आहे, खरा आहे. पण ती वर्षं जुनी, त्यानंतर कायद्यात कलम ३२ चं पहिलं स्पष्टीकरण आहे: इमारत तुमची नसेल, पण भाड्यानं किंवा वापराच्या इतर हक्कानं तुमच्याकडे असेल आणि तुम्ही तिच्यात भांडवली खर्च करून नूतनीकरण, वाढ, सुधारणा केली, तर त्या कामापुरते तुम्हीच इमारतीचे मालक आहात असं धरून घसारा मिळेल. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनाही हे लागू होतं, कारण शब्द ‘वापराचा हक्क’ असा आहे. म्हणजे टॅक्समध्ये ५७ महिने वगैरे काही नाही, इमारतीचा दर दहा टक्के, तोही घटत्या शिलकीवर. पार्टिशन लाकडी समजून ४० टक्क्यांच्या ‘निव्वळ तात्पुरत्या’ बांधकामात टाका असंही सुचवून झालं. पाच वर्षांच्या करारावर ॲल्युमिनियम आणि काचेचं काम तात्पुरतं कसं म्हणू? नाही घेतलं.

टॅक्सचा आकडा वेगळा येतो. ७६,३०० त्यात नाहीत, पैसे गेलेच नाहीत. आणि फरशीच्या मिस्त्रीला गणपतीच्या आधी एकाच दिवशी ६५,००० रोख दिलेले, एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले की ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत. गेले ६५,०००, कायमचे. उरले १९,७८,४००. त्यातलं वायरिंग, जीएसटी धरून ३,३०,४००, हे इमारतीत नाही, फर्निचर आणि फिटिंगच्या ब्लॉकमध्ये (एकाच प्रकारच्या, एकाच दराच्या मालमत्तांचा गट) जातं, कारण इलेक्ट्रिकल फिटिंगच्या व्याख्येत वायरिंग आहे. दोन्हीचा दर दहा टक्केच, म्हणून बरेच जण वेगळं करत नाहीत. करावं. इमारतीच्या ब्लॉकला राहिले १६,४८,०००.

आणि आता पेढे. मालमत्ता घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा अर्धा. १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च, लीप वर्षाचा फेब्रुवारी धरूनसुद्धा, १६९ दिवस. त्या वर्षी ४ ऑक्टोबरपर्यंत वापर सुरू झाला असता तर १८० भरले असते. काम २८ सप्टेंबरलाच झालं होतं! दोन शिलाई मशीन पितरांतच वर नेऊन शाळेचा माल शिवायला घेतला असता, नारळ मग घटस्थापनेला फोडला असता, तरी चाललं असतं. नुसतं तयार ठेवलं हेसुद्धा वापर म्हणून चालतं का, ह्यावर कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, तेवढ्यासाठी भांडण नको म्हटलं. अर्धा घसारा ९८,९२० गेला, ३१.२ टक्क्यांनी त्या वर्षीचा जादा टॅक्स ३०,९०० च्या आसपास. बुडाला नाही, पुढच्या वर्षांत थोडा थोडा मिळतो, पण अण्णांनी ते पितरांच्या खात्यावर लिहून टाकलं.

इथं प्रकरण संपलं असतं, पण खालच्या मजल्यावर एक दातांचा दवाखाना आला.

अण्णांनी वर भरतकामाची मशीन बसवलेली, शाळांचे लोगो काढायला. मशीन सुरू झाली की स्लॅब हलतो, खाली डॉक्टरांच्या ट्रेमधली हत्यारं खणखणतात. दोन-चार महिने कुरबुर, मग मालक मध्ये पडले. शेवटी मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात ठरलं: लॉक-इन जूनमध्ये संपतंय, ३१ मार्चला नोटीस, ३० सप्टेंबर २०२५ ला जागा खाली. वरची जागा एक कोचिंग क्लास घेणार होता आणि त्यांना केबिन, फरशी, पोटमाळा सगळं तसंच हवं होतं, म्हणून मालक फर्मला ३,००,००० देणार आणि पोटमाळा काढायची अट माफ. हे मात्र लगेच लेखी घेतलं, आता सवय लागली होती.

पुस्तकात याचा अर्थ काय? मुलगा म्हणाला, उरलेलं सगळं सप्टेंबरला राईट ऑफ करू, एकदम खर्चात टाकू. तसं नाही. आयुष्याचा अंदाज बदलला तो मार्चमध्येच, मग तिथून पुढे नवीन अंदाजानं वाटायचं, मागचं वर्ष उकरायचं नाही. ३१ मार्च २०२५ ला ५७ पैकी ३९ महिने शिल्लक, म्हणजे १४,५०,३००. काढायच्या खर्चाची तरतूद तोवर फुगून ८८,००० झाली होती, ती आता लागत नाही, पण उत्पन्न म्हणून दाखवायची नाही, मालमत्तेच्या किमतीतून वजा करायची, कारण मिळवली होती तीही तिथंच. राहिले १३,६२,३००. त्यातले ३,००,००० मालकाकडून येणार. उरलेले १०,६२,३०० सहा महिन्यांवर, महिना १,७७,०००. पहिल्या वर्षी ३७,००० होता तो. बँकेला आधीच पत्र लिहून कळवलं, जून तिमाहीचा आकडा बघून त्यांनी फोन करण्यापेक्षा आपण केलेला बरा.

टॅक्समध्ये खरी धोक्याची जागा होती. इमारतीच्या ब्लॉकमध्ये १ एप्रिल २०२५ ला शिल्लक होते १४,०९,०४०. मालकाचे ३,००,००० वजा, ११,०९,०४०. अण्णांना वाटलं हा तोटा धंद्यातून वजा होईल. नाही होत! ब्लॉकमधली सगळी मालमत्ता गेली, ब्लॉकच संपला, तर कलम ५० खाली तो अल्पकालीन भांडवली तोटा. तो फक्त भांडवली नफ्यासमोर चालतो, आठ वर्षं पुढे नेता येतो, पण युनिफॉर्मच्या नफ्यातून एक रुपया वजा होत नाही. आणि ह्या फर्मला भांडवली नफा कुठून येणार? फर्मच्या नावावर दुसरी इमारत असती तर ब्लॉक जिवंत राहिला असता, पण चाटी गल्लीचं दुकान, आठवतंय ना, अण्णांच्या नावावर.

वाट निघाली ती त्याच स्पष्टीकरणातून. भाड्याच्या जागेतलं काम हे कायद्याच्या नजरेत फर्मच्या मालकीची इमारतच. मग नवीन भाड्याच्या जागेत जे काम होणार तेपण त्याच ब्लॉकमध्ये बसणार. ३१ मार्च २०२६ च्या आत नवीन जागेतलं काम करून वापर सुरू केला, की ब्लॉक मरत नाही, जुने ११,०९,०४० त्यात राहतात आणि दहा टक्क्यांनी घसारा मिळत राहतो. वायरिंगची तर काळजीच नव्हती, ते रॅक आणि काउंटरच्या ब्लॉकमध्ये आधीपासून सुखरूप. वर्षभरापूर्वी ते वेगळं करताना असिस्टंटनं तोंड वाकडं केलं होतं.

मालकाला दिलेल्या ३,००,००० च्या बिलावर सावधगिरी म्हणून १८ टक्के जीएसटी लावला, मालक नोंदणीकृत होते, त्यांनी कुरकुर केली नाही.

नवीन जागा अक्कलकोट रोडला, तळमजला, खाली दवाखाना नाही. ह्या वेळी सहीच्या आधी करार माझ्याकडे आला. आठ वर्षांची मुदत, पुढची वाढ भाडेकरूच्या मर्जीवर, पोटमाळा सुटा आणि भाडेकरूचा, असं स्वच्छ लिहून घेतलं. मिस्त्रीचे पैसे सगळे बँकेतून. ऑगस्टमध्ये अण्णांचा फोन, ‘‘मॅडम, काम सप्टेंबरच्या शेवटी होतंय. घटस्थापना २२ सप्टेंबरला आहे, गाठता येणार नाही. दसरा २ ऑक्टोबरला. चालतंय का बघा, का पितरांतच मशीन लावू?’’

मी कॅलेंडर काढलं. ऑक्टोबरचे ३०, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१. १८१.

‘‘दसरा चालतोय अण्णा,’’ मी म्हटलं, ‘‘पण सीमोल्लंघन झाल्या झाल्या एक तरी मशीन चालवा आणि त्या दिवशीचं बिल फाडा. एकच दिवस हातात आहे.’’

२ तारखेला दुपारी पुतण्याचा व्हॉट्सॲप आला, आपट्याच्या पानाच्या फोटोच्या आधी बिल नंबर एकचा फोटो.